काश्मीर प्रिन्सेसची शेवटची काही मिनिटं

दिवाळीत यवतमाळला गेलो होतो. भाच्याला घेऊन बेंबळा धरणावर चक्कर मारली. एवढं पाणी बघून पठ्ठ्या विचारतो, "मामा, इंजिन बंद पडलं तर विमान इथं उतरते का?"

उतरतं की! इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येत नाही. सेसना १७२ सारखं छोटं विमान हजार फुटांवरून अडीच-एक किलोमीटर तरंगत जातं. खरी पंचाईत पाण्याला टेकताना. ह्याची चाकं पोटात घेता येत नाहीत, ती पाण्यात अडकतात आणि विमान उलटू शकतं. म्हणून दार आधीच उघडून ठेवायचं, आणि लाइफ जॅकेट फुगवायचं ते बाहेर पडल्यावरच. आत फुगवलं तर पाणी भरल्यावर माणूस वर छताला चिकटतो.

हे सांगता सांगता कॅप्टन जटार आठवले.

११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' हाँगकाँगहून जकार्ताला निघालं होतं. हे काही छोटं विमान नव्हे, चार इंजिनांचं कॉन्स्टेलेशन. बांडुंगच्या आशिया-आफ्रिका परिषदेला निघालेले ११ प्रवासी आणि ८ कर्मचारी. पाचेक तासांनी, १८ हजार फुटांवर स्फोट झाला. उजवा पंख पेटला. जटारांनी उजवीकडचं आतलं इंजिन बंद केलं आणि उरलेल्या तिनांवर विमान समुद्रावर उतरवायच्या तयारीला लागले. रेडिओ बंद पडायच्या आत तीनदा संदेश गेला, नातुना बेटांजवळ आहोत ह्या पत्त्यासकट. लाइफ जॅकेटं वाटली, संकटकाळची दारं उघडली. कॉकपिटमध्ये धूर, एकेक सर्किट मरत चाललेलं.. अशात नीट उतरणं शक्यच नव्हतं. उजवा पंख आधी पाण्याला लागला आणि विमानाचे तुकडे झाले.

१६ जण गेले, जटारही. वाचले तिघं : को-पायलट दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि मेंटेनन्स इंजिनिअर कर्णिक.

मी अडकतो तो कर्णिकांपाशी. आमच्याकडे रिलीज झोपली की पहिला प्रश्न, "कोड कुणाचा?" इथं तर ज्यानं विमानाची देखभाल करायची, तोच आत बसलेला. पंख पेटलेला बघून त्याच्या मनात काय काय येऊन गेलं असेल! पण दोष यंत्राचा नव्हताच. चौकशीत निघालं की उजव्या चाकाच्या कप्प्यात टाइमबॉम्ब ठेवला होता. निशाणा होता चिनी पंतप्रधान चाऊ एन लाय ह्यांच्यावर, आणि ते त्या विमानात बसलेच नव्हते.

जटारांना आणि हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी ह्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. कर्णिकांनी पुढे ह्या सगळ्यावर पुस्तक लिहिलं.

परत येताना गाडीत भाच्याचा एकच प्रश्न, "मामा, बॉम्ब ठेवणारा सापडला का मग?"

नाही सापडला. संशय होता हाँगकाँग विमानतळावरच्या एका सफाई कामगारावर. पोलीस पोचेपर्यंत तो तैवानला पळाला होता.