शिकागो कब्स

शिकागो कब्स हा अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहराचा व्यावसायिक बेसबॉल संघ आहे. तो मेजर लीग बेसबॉलमधील नॅशनल लीगमध्ये खेळतो. शहराच्या उत्तर भागातील रिगली फील्ड हे त्याचे घरचे मैदान होय. १८७६ साली नॅशनल लीग स्थापन झाली, तेव्हाच्या आठ संघांपैकी आज दोनच हयात आहेत आणि त्यांतही लीगच्या आरंभापासून एकाच शहरात अखंड नांदलेला हा एकमेव संघ आहे. १९०७, १९०८ आणि २०१६ या वर्षी त्याने अजिंक्यपद मिळवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या अजिंक्यपदामधील १०८ वर्षांचे अंतर हे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक क्रीडासंघांमध्ये सर्वांत दीर्घ ठरले.

क्रिकेटला सरावलेल्या वाचकाने पुढील मजकुरासाठी थोडे लक्षात ठेवावे. बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन खेळाडू बाद झाले की संघाचा डाव संपतो. बरोबरी झाल्यास जादा डाव खेळवतात. वसंत ऋतूपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ आता १६२ सामने खेळतो. नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग यांच्या विजेत्यांमध्ये त्यानंतर वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका होते. चार सामने आधी जिंकणारा संघ अजिंक्य ठरतो.

स्थापना आणि आरंभीचा काळ

संघाची स्थापना १८७० साली ‘व्हाइट स्टॉकिंग्ज’ या नावाने झाली. पुढच्याच वर्षी शिकागोच्या भीषण अग्निकांडात त्याचे मैदान जळाले आणि १८७२ व १८७३ या दोन हंगामांत संघाला खेळता आले नाही. १८७४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. संघाचे अध्यक्ष विल्यम हल्बर्ट हे नॅशनल लीगचे प्रमुख शिल्पकार होते. लीगचे पहिले विजेतेपदही त्यांच्याच संघाने जिंकले.

या काळातील सर्वांत मोठे नाव कॅप ॲन्सन यांचे. खेळाडू आणि व्यवस्थापक या दुहेरी नात्याने त्यांनी संघाला लीगची पाच विजेतेपदे मिळवून दिली. मात्र त्यांच्या कीर्तीला एक काळी किनार आहे. १८८३ साली टोलेडोच्या संघात मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू असल्याचे पाहून त्यांनी मैदानात उतरण्यास हरकत घेतली होती. कृष्णवर्णीयांना व्यावसायिक बेसबॉलबाहेर ठेवणारी जी अलिखित भिंत पुढे उभी राहिली, तिच्या उभारणीत ॲन्सन यांचा वाटा नाकारता येत नाही. ही भिंत मेजर लीगमध्ये १९४७ साली पडली. कब्सच्या गणवेशात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू सप्टेंबर १९५३ मध्ये दिसला, तो म्हणजे अर्नी बँक्स.

ॲन्सन गेल्यावर पोरक्या झालेल्या संघाला वृत्तपत्रांनी ‘ऑर्फन्स’, म्हणजे अनाथ, असे नाव दिले. ‘कब्स’ हे नावही वृत्तपत्रांचीच देणगी. १९०२ च्या सुमारास संघात तरुणांचा भरणा होता, म्हणून त्यांना अस्वलाची पिल्ले म्हटले गेले आणि ते नाव टिकले.

ही पिल्ले लवकरच मोठी झाली. १९०६ साली संघाने ११६ सामने जिंकले व केवळ ३६ गमावले, तरीही वर्ल्ड सिरीजमध्ये शहराच्या दक्षिण भागातील व्हाइट सॉक्स संघाकडून तो हरला. पुढील दोन्ही वर्षी त्याने डेट्रॉइटला नमवून अजिंक्यपद पटकावले. लहानपणी शेतातील यंत्रात बोट गमावलेला मॉर्डकाय ब्राउन हा संघाचा प्रमुख पिचर होता. अधू हातामुळे त्याचा चेंडू अनपेक्षित वळत असे.

१९०८ नंतर

१९१० ते १९४५ या काळात कब्स सात वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले आणि सातही वेळा हरले. यांपैकी १९४५ ची मालिका दंतकथेमुळे अधिक प्रसिद्ध आहे. विल्यम सियानिस हे शिकागोतील मद्यगृहाचे मालक आपला पाळीव बोकड घेऊन चौथ्या सामन्याला आले. बोकडाला बाहेर काढल्यामुळे संतापून त्यांनी संघाला शाप दिला, असे सांगतात. कब्स ती मालिका हरले व पुढील ७१ वर्षे वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांचा प्रवेशच झाला नाही. शापाची कथा रंजक असली तरी पराभवाची खरी कारणे कारभारात शोधावी लागतात. १९६१ पासून संघाने एका व्यवस्थापकाऐवजी आळीपाळीने सूत्रे घेणाऱ्या प्रशिक्षकांचे मंडळ नेमले. हा प्रयोग सपशेल फसला. १९६२ मध्ये संघ १०३ सामने हरला. १९६४ साली लू ब्रॉक हा तरुण खेळाडू कब्सने सेंट लुइस संघाला देऊन टाकला. त्याच वर्षी सेंट लुइस अजिंक्य ठरले आणि ब्रॉक यांना पुढे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. यात बोकडाचा काही दोष दिसत नाही.

अर्नी बँक्स यांनी आपली संपूर्ण मेजर लीग कारकीर्द याच संघात घालवली. १९५८ व १९५९ अशी सलग दोन वर्षे ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्यांनी ५१२ होम रन केले, पण हंगामोत्तर सामना त्यांच्या नशिबी एकदाही आला नाही. १९६९ मध्ये ती संधी जवळ आली होती. ऑगस्टपर्यंत मोठी आघाडी घेतलेला संघ सप्टेंबरमध्ये कोसळला आणि न्यूयॉर्क मेट्स पुढे निघून गेले. १९८४ मध्ये पाच सामन्यांच्या मालिकेतील पहिले दोन जिंकून कब्सने उरलेले तिन्ही सॅन डिएगोत गमावले.

रिगली फील्ड

क्लार्क आणि ॲडिसन या रस्त्यांच्या चौकातील हे मैदान १९१४ साली चार्ल्स वीघमन यांनी दुसऱ्याच एका संघासाठी बांधले. कब्स तेथे १९१६ मध्ये आले. च्युइंग गमचे कारखानदार विल्यम रिगली यांच्या मालकीवरून मैदानाचे सध्याचे नाव पडले. बाह्य मैदानाच्या विटांच्या भिंतीवर १९३७ मध्ये आयव्हीचे वेल चढवण्यात आले. त्याच वर्षी बसवलेला धावफलक आजही माणसे हातांनी आकडे बदलून चालवतात. सामना संपल्यावर त्यावर निशाण चढते. विजय असल्यास पांढऱ्यावर निळे ‘डब्ल्यू’, पराजय असल्यास निळ्यावर पांढरे ‘एल’. जवळून जाणाऱ्या उन्नत रेल्वेतील प्रवाशांना त्यावरून निकाल कळतो.

इतर मैदानांवर विद्युतदीप आल्यानंतरही येथे अनेक दशके केवळ दिवसाच खेळ होई. फिलिप रिगली यांनी दिव्यांचे साहित्य आणवले होते, परंतु पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर ते युद्धकार्यासाठी देण्यात आले. अखेर ८ ऑगस्ट १९८८ रोजी दिवे लागले. चौथ्या डावात पाऊस कोसळून तो सामना रद्द झाला. अधिकृत पहिला रात्रीचा सामना दुसऱ्या दिवशी झाला.

चाहते

कब्सच्या चाहत्यांची निष्ठा पिढ्यान्‌पिढ्या अढळ राहिली, असे सर्रास लिहिले जाते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. सप्टेंबर १९६६ मधील एका सामन्याला जेमतेम ५३० प्रेक्षक होते. सततच्या पराभवाने लोक पाठ फिरवतात, हा नियम शिकागोलाही लागू होता.

ही निष्ठा घडवण्यात प्रसारणाचा मोठा हात आहे. नभोवाणीमुळे तिकिटे खपणार नाहीत अशी धास्ती इतर मालकांना असताना विल्यम रिगली यांनी १९२० च्या दशकातच सामने प्रसारित करू दिले. १९४८ पासून डब्ल्यूजीएन वाहिनीवर सामने दिसू लागले. खेळ दिवसा होत असल्याने शाळेतून घरी परतलेल्या मुलांना त्यांचा शेवटचा भाग पाहायला मिळे. उपग्रहामुळे १९७८ नंतर हेच चित्र देशभर पोहोचले. १९८२ मध्ये आलेले समालोचक हॅरी कॅरे सातव्या डावाच्या मध्यंतरात खिडकीतून झुकून प्रेक्षकांसह बेसुर आवाजात बेसबॉलचे गाणे म्हणत. त्यांच्या निधनानंतरही, १९९८ पासून, पाहुण्यांना बोलावून ही प्रथा चालू ठेवण्यात आली आहे. बाह्य मैदानामागील बाकांवरचे प्रेक्षक प्रतिस्पर्ध्याच्या होम रनचा चेंडू हाती आला तरी ठेवून न घेता मैदानात परत भिरकावतात.

याच निष्ठेचे दुसरे रूप १४ ऑक्टोबर २००३ रोजी दिसले. फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध कब्स ३–० असे पुढे होते. आणखी पाच खेळाडू बाद झाले की वर्ल्ड सिरीज निश्चित होती. आठव्या डावात कडेला आलेला उंच चेंडू पकडण्यासाठी काही प्रेक्षकांनी हात पुढे केले. एकाच्या हाताला लागून तो उडाला आणि क्षेत्ररक्षकाचा झेल हुकला. त्यानंतर कब्सच्या खेळाडूने सोपा चेंडू सोडला, पिचर भरकटले आणि एका डावात आठ धावा गेल्या. निर्णायक सामनाही कब्सने गमावला. दोष मात्र त्या एका प्रेक्षकाच्या माथी आला. त्याच्यावर वस्तू फेकण्यात आल्या, सुरक्षारक्षकांच्या गराड्यात त्याला बाहेर न्यावे लागले आणि घराभोवती पोलीस ठेवावे लागले. तो स्वतः कब्सचा चाहता होता. खेळाडूंच्या चुका विसरून एका सामान्य माणसाला वर्षानुवर्षे तोंड लपवायला लावणे, हा या संघाच्या इतिहासातील कोणत्याही पराभवापेक्षा लाजिरवाणा भाग म्हटला पाहिजे.

२०१६ चे अजिंक्यपद

२००९ मध्ये संघ रिकेट्स कुटुंबाकडे गेला. २०११ मध्ये थिओ एपस्टाइन यांना आणण्यात आले. बॉस्टनची ८६ वर्षांची प्रतीक्षा त्यांच्याच काळात २००४ साली संपली होती. त्यांनी जुना संघ मोडून तरुण खेळाडू जमवले. २०१२ मध्ये त्याची किंमत १०१ पराभवांनी मोजावी लागली.

२०१६ मध्ये कब्सने १०३ सामने जिंकले. वर्ल्ड सिरीजमध्ये क्लीव्हलँडविरुद्ध १–३ असे मागे पडून त्यांनी बरोबरी साधली. २ नोव्हेंबरच्या सातव्या सामन्यात ते आठव्या डावात ६–४ पुढे असताना क्लीव्हलँडच्या राजाय डेव्हिसने होम रन मारून बरोबरी केली. नऊ डावांनंतर पाऊस आला आणि खेळ १७ मिनिटे थांबला. तेवढ्यात जेसन हेवर्डने सर्व खेळाडूंना व्यायामाच्या खोलीत गोळा करून धीर दिला. दहाव्या डावात बेन झोब्रिस्टच्या फटक्याने आघाडी मिळाली आणि कब्स ८–७ असे जिंकले.

त्या दिवसांत रिगली फील्डच्या बाहेरील विटांच्या भिंती खडूने लिहिलेल्या नावांनी भरून गेल्या. हा विजय पाहण्याआधीच गेलेल्या आईवडिलांची व आजीआजोबांची ती नावे होती. काहींनी दफनभूमीत जाऊन थडग्यांवर संघाची निशाणे ठेवली. अर्नी बँक्स यांचेही जानेवारी २०१५ मध्ये निधन झाले होते.

पुढील वर्षी संघाने २००३ च्या त्या प्रेक्षकाला अजिंक्यपदाची अंगठी दिली. खेळाडूंना दिली होती तशीच.