‘जमीन पाण्याखाली आली’ म्हणजे फायदा की नुकसान? ‘बुडीत’ शब्दाचा अर्थ समजून घ्या

‘अमुक हेक्टर जमीन पाण्याखाली आली’ हे वाक्य हिंगोली जिल्ह्यात दोन अगदी उलट अर्थांनी वापरलं जातं. कालव्याचं पाणी शेतात पोहोचलं, तरी जमीन ‘पाण्याखाली’ येते. धरणात किंवा पुरात शेत बुडालं, तरीही ती ‘पाण्याखाली’च जाते. त्यामुळे नेमकं काय घडलं, हे पुढचे-मागचे शब्द पाहूनच ठरवावं लागतं.

बुडीत म्हणजे काय?

‘बुडीत’ हा शब्द ‘बुडणे’ या क्रियापदापासून बनला आहे आणि त्याचं मूळ प्राकृतात सापडतं. ‘जलमग्न’ हा त्याच अर्थाचा संस्कृत शब्द आहे, पण तो जास्त करून लेखी भाषेत दिसतो. बँकेच्या भाषेत ‘बुडीत कर्ज’ म्हणजे वसूल न होणारं कर्ज. परत न मिळण्याचा हाच अर्थ धरणाच्या ‘बुडीत क्षेत्रा’तही आहे.

बुडीत क्षेत्र आणि लाभक्षेत्र

धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथपर्यंत पोहोचतं, त्या पातळीला ‘पूर्ण संचय पातळी’ म्हणतात. तिच्या आतली जमीन म्हणजे बुडीत क्षेत्र. कालव्यांमुळे जिला पाणी मिळतं, ती जमीन म्हणजे लाभक्षेत्र.

पूर्णा नदीवर परभणी जिल्ह्यात येलदरी आणि त्याच्या खाली हिंगोलीच्या औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे. पूर्णा प्रकल्पाचे कालवे सिद्धेश्वरपासून निघतात आणि वसमत भागातल्या ऊस, हळदीच्या शेतांना पाणी देतात. पैनगंगेवरचं इसापूर धरण हिंगोली आणि यवतमाळच्या सीमेवर आहे. त्याचा लाभ हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या तिन्ही जिल्ह्यांना होतो. या धरणांमुळे एकाची जमीन ओलिताखाली आली आणि दुसऱ्याची कायमची गेली. ‘पाण्याखाली’ हा शब्द मात्र दोघांसाठी एकच राहिला.

पुराचं पाणी म्हणजे बुडीत नव्हे

कयाधू नदीला पूर आला की काठावरचं सोयाबीन, कापूस ‘पाण्याखाली’ जातो. अशा वेळी ‘शेत जलमय झालं’ असंही म्हणतात. पाणी ओसरतं आणि जमीन शेतकऱ्याचीच राहते. नुकसानीचा पंचनामा होतो आणि पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेलं असेल, तर शासकीय मदतीसाठी ते ग्राह्य धरलं जातं.

बुडीत क्षेत्राचं तसं नाही. ती जमीन शासन संपादित करतं. बाधितांच्या पुनर्वसनासाठी राज्यात १९७६ मध्ये पहिला स्वतंत्र कायदा झाला. नंतर १९८६ आणि १९९९ मध्ये नवे कायदे आले.

पाणी ओसरलं तर?

उन्हाळ्यात जलाशय आटतो आणि बुडालेली जमीन उघडी पडते. गाळामुळे सुपीक झालेल्या या जमिनीला ‘गाळपेर’ म्हणतात. ती ठरावीक काळासाठी भाडेपट्ट्यानं कसायला दिली जाते. आपलंच जुनं शेत डोळ्यांसमोर असलं, तरी ते कसण्यासाठी परवानगी लागते, कारण सातबारावरचं नाव पाण्याबरोबर परत येत नाही.

थोडक्यात

- ओलिताखाली किंवा सिंचनाखाली: पाणी मिळालेली जमीन
- जलमय: तात्पुरतं पाणी साचलेली जमीन
- बुडीत: धरणासाठी कायमची गेलेली जमीन
- पाण्याखाली: वरच्या तिन्हींपैकी काहीही, म्हणून संदर्भ पाहावा