घाटी कोणास म्हणावे?

सह्याद्रीच्या रांगेने महाराष्ट्राचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेस समुद्रालगतची चिंचोळी कोकणपट्टी आणि पूर्वेस देश. देशावरील माणसे कुंभार्ली, आंबा, फोंडा इत्यादी घाट उतरून मिरची, गूळ, धान्य घेऊन कोकणात येत व मीठ, सुकी मासळी, नारळ घेऊन परत जात. घाटावरून आला तो घाटी. मूळ शब्दात पूर्वेची दिशा होती, कमीपणा नव्हता.

पुढे मुंबई वाढली. घाटावरील पुष्कळ लोक तेथे ओझी वाहून पोट भरू लागले आणि 'घाटी' म्हणजे हमाल, अडाणी असा अर्थ या शब्दास चिकटला. कोकणी माणसानेही तो हिणवण्यासाठी वापरला. परंतु शहरातील अन्यभाषिकांनी तोच शब्द सरसकट सर्व मराठी लोकांस लावला, तेव्हा कोकण्याच्या कपाळीही तोच शिक्का बसला!

उत्तर हिंदुस्थानात अवध व बिहारकडील लोकांस पश्चिमेकडचे लोक असेच 'पुरबिये' म्हणत. 1834 पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर हे लोक करारबद्ध मजूर म्हणून जाऊ लागले. 1839 मध्ये ही भरती थांबविण्यात आली. 1842 च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून ती पुन्हा सुरू झाली. मग माणसाची ओळख बंदरावरून ठरू लागली. पुरबिया 'कलकतिया' झाला. मुंबईहून गेलेले आपले पूर्वज बहुतांशी रत्नागिरीकडचे, काही घाटावरचे. तेथे ते सारेच 'बोंबाय' ठरले. ज्या घाटाने त्यांना वेगळे केले होते, तो समुद्रापार कोणासच दिसत नव्हता.

पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर मजूर उतरत, त्यास पूर्वी 'कुली घाट' म्हणत. आज तो 'आप्रवासी घाट' आहे व 2006 पासून जागतिक वारसास्थळांत त्याची गणना होते. नाव बदलता येते, ते असे.

वाचकहो, येथे ब्रिटनमध्ये आपल्या मुलांस 'एशियन' या एकाच रकान्यात बसविले जाते, हे आपणांस रुचत नाही. मग घरातील थट्टेत 'घाटी' म्हणून कोणास हिणविणे आपणांस शोभेल काय? मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जतन केल्या आहेत. त्यांत अनेकांच्या गावाची व जिल्ह्याची नोंद सापडते. लोकांनी दिलेल्या नावापेक्षा ती नोंद मुलांस दाखविणे अधिक मोलाचे आहे.