गुरुभक्ती आणि पात्रतेचा प्रश्न

नवापूर तालुक्यातील चिंचपाडा व भोवतालचा मुलूख हा मावची, भिल्ल आदी आदिवासींच्या वस्तीचा होय. एकलव्याला आपला मानणाऱ्या या समाजाच्या बाजूने हिंदू परंपरेतील गुरुभक्ती व पात्रता यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

श्वेताश्वतर उपनिषदाच्या अखेरीस असे सांगितले आहे की, गुरूवर देवाइतकी भक्ती असणाऱ्यालाच गूढ ज्ञान प्रकट होते. अशांत चित्ताच्या माणसाला ते देऊ नये. वेदान्तानेही विवेक, वैराग्य, शमदमादी गुण व मुमुक्षा ही साधकाची लक्षणे मानली. ही कसोटी गुणांची आहे. परंतु ब्रह्मसूत्राच्या अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना शंकराचार्यांनी शूद्राचा वेदविद्येचा अधिकार नाकारला. म्हणजे गुण पाहण्यापूर्वीच जन्म पाहिला गेला.

महाभारतातील एकलव्य हा याच विसंगतीचा बळी आहे. निषाद म्हणून द्रोणाने त्याला विद्या नाकारली. त्याने मातीच्या मूर्तीपुढे अभ्यास करून कौशल्य सिद्ध केले आणि गुरुदक्षिणेत अंगठाही दिला. भक्ती व गुण या दोन्ही कसोट्यांना तो उतरला. तरी पात्र ठरला नाही. उलट, त्याची भक्ती हेच त्याला निःशस्त्र करण्याचे साधन ठरले.

याच जिल्ह्यात, तळोदा तालुक्यातील मोरवड येथे, १९३०-४० या दशकात गुलाम महाराज या भिल्ल सत्पुरुषाने निराळा मार्ग दाखविला. कोणत्याही पीठाची संमती न घेता त्यांनी दारूत्यागाचा व स्वच्छतेचा उपदेश केला. त्यांचे अनुयायी परस्परांना ‘आप’ असे आदराने संबोधू लागले. १९३८ साली महाराज निवर्तल्यावर बंधू रामदास महाराजांनी हे कार्य पुढे नेले. येथेही गुरुभक्ती होतीच. परंतु तिने शिष्याचा अंगठा मागितला नाही, त्याला मान दिला.

तथागतांनी तर गुरुशिष्यसंबंधाचा पायाच बदलला. धम्म सांगताना आपण आचार्याची मूठ झाकून ठेवली नाही, असे त्यांनी आनंदाला सांगितले. शाक्यकुमारांच्या आधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या देऊन त्यांनी कुलाभिमान मोडला. वीमंसक सुत्तात तर शिष्याने खुद्द तथागतांचीही परीक्षा करावी, असे सांगितले आहे. पात्रतेची कसोटी येथे गुरूलाही लागू होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली बुद्ध, कबीर व जोतीराव फुले हे आपले तीन गुरू म्हणून सांगितले आणि विद्या, स्वाभिमान व शील यांना उपास्य दैवते मानले. जो गुरू शिष्याचा स्वाभिमान वाढवितो, तोच गुरुपदास पात्र होय.