सुरक्षा हार्नेस

सुरक्षा हार्नेस हे उंचीवर काम करणाऱ्या व्यक्तीला पडण्यापासून रोखणारे किंवा पडल्यास जमिनीवर आदळण्यापूर्वी अडवणारे पट्ट्यांचे साधन आहे. बोलीभाषेत त्यास सरसकट 'सेफ्टी बेल्ट' म्हणतात; परंतु त्याच्या विविध प्रकारांचे कार्य भिन्न असते. भारतात या साधनांसाठी आयएस ३५२१ हे मानक आहे.

प्रकार

* कमरपट्टा : कामगाराला छताच्या कडेपर्यंत जाऊ न देण्यासाठी उपयुक्त. पडल्यास सर्व झटका पोटावर व कण्यावर येतो. म्हणून अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणे अडवण्यासाठी त्याच्या वापरास बंदी आहे.
* पूर्ण शरीर हार्नेस : खांदे, छाती व मांड्यांभोवतीचे पट्टे झटका विभागतात. पाठीवरील कडीला दोरी जोडली जाते.
* स्थिती राखणारा हार्नेस : कमरेच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून खांबाभोवती दोरी घेतल्याने हात मोकळे राहतात. पडणे अडवणारी दोरी वेगळी लागते.
* शिडीसाठीचा हार्नेस : छातीवरील कडी शिडीलगतच्या तारेवर सरकणाऱ्या पकडीला जोडतात.
* बैठा हार्नेस : दोरीला लटकून काम करण्यासाठी.
* बचाव हार्नेस : टाकीसारख्या अरुंद जागेतून व्यक्तीला उभ्या स्थितीत वर ओढण्यासाठी खांद्यांवर कड्या असतात.

खानदेशातील कामाची ठिकाणे

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या आहेत. पवनचक्कीच्या मनोऱ्यातील उभ्या शिडीवर छातीची कडी, तर माथ्यावरील कामात पाठीची कडी उपयोगी पडते. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळील दीपनगर औष्णिक विद्युत केंद्रासारख्या ठिकाणी बॉयलर व चिमणी यांच्या देखभालीत उंचीवरील काम येते.

निवड व मर्यादा

हार्नेस, जोडदोरी आणि भक्कम आधार हे तिन्ही असल्यासच संरक्षण मिळते. दोरी पायाच्या पातळीवर बांधल्यास खाली पुरेशी मोकळी जागा लागते. उदाहरणार्थ, २ मीटर दोरी, झटकाशोषकाची १.७५ मीटर वाढ, कडीपासून पायापर्यंत १.५ मीटर आणि १ मीटर राखीव अंतर धरल्यास, दोरी बांधलेल्या जागेखाली ६.२५ मीटर अंतर आवश्यक ठरते. चार मीटर उंचीच्या पत्र्याच्या छतावर अशी जोडणी निरुपयोगी ठरते; तेथे कडेपर्यंत पोहोचू न देणारी आखूड दोरी योग्य होय.

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या व्यक्तीच्या पायांत रक्त साचून जीवास धोका उद्भवतो. त्यामुळे सुटकेची योजना काम सुरू होण्यापूर्वीच तयार असावी लागते. एकदा पडण्याचा झटका सोसलेला हार्नेस वापरातून काढतात.