जाहीरनाम्याचे वाचक

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर १७७६ साली ५६ जणांनी सह्या केल्या. त्यांत कॅथॉलिक असा एकच होता : मेरीलँडचा चार्ल्स कॅरल. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत आणि जगण्याचा, स्वातंत्र्याचा व सुखाचा शोध घेण्याचा हक्क त्यांना निर्मात्याकडूनच मिळाला आहे, अशा आशयाचे या जाहीरनाम्यातील वाक्य अमेरिकेचा राष्ट्रीय आदर्श म्हणून जगभर ओळखले जाते. ऐकणारा कोठे उभा आहे त्यावर या वाक्याचा अर्थ किती पालटतो, हे पाहावयाचे तर एकट्या मेरीलँडचा इतिहास पुरे आहे. त्या इतिहासाशी आपल्या ख्रिस्तसभेचाही निकटचा संबंध आहे, आणि तो सर्वस्वी अभिमानास्पद नाही.

मेरीलँडची वसाहत लॉर्ड बाल्टिमोर या कॅथॉलिक सरदाराच्या मालकीची. १६३४ साली ती वसली, ती आपल्या धर्मबांधवांना तेथे निर्धास्तपणे राहता यावे याही हेतूने. पुढे सत्ता प्रॉटेस्टंटांच्या हाती गेली. १७०४ साली धर्मगुरूंना उघडपणे मिस्सा अर्पण करण्यास बंदी झाली, फक्त खाजगी घरांपुरती सवलत उरली. १७१८ साली कॅथॉलिकांचा मताधिकारही गेला. कॅरल हा त्या काळी अमेरिकेतील अतिश्रीमंतांपैकी एक, फ्रान्समध्ये येशूसंघीयांच्या विद्यालयात शिकलेला. पण मायभूमीत त्याला ना मत, ना अधिकारपद. सही करताना इंग्लंडपासून मुक्ती एवढेच नव्हे, तर सर्व ख्रिस्ती पंथांना समान हक्क मिळावेत हेही आपल्या मनात होते, असे त्याने १८२९ साली एका पत्रात लिहिले. त्याच्यापुरते ते वाक्य खरे ठरले. १७८९ साली तो अमेरिकेच्या पहिल्या सिनेटमध्ये बसला आणि त्याच वर्षी त्याचे आप्त जॉन कॅरल त्या देशाचे पहिले कॅथॉलिक बिशप म्हणून नेमले गेले.

कॅरलच्या शेतांवर मात्र शेकडो गुलाम राबत होते. गुलामगिरी हळूहळू बंद व्हावी असा प्रस्ताव त्याने राज्याच्या सिनेटमध्ये मांडला, पण तो मंजूर झाला नाही. आणि त्याचे बहुसंख्य गुलाम गुलामच राहिले.

१८३८ साल येथे विशेष ध्यानात घ्यावे लागते. मेरीलँडमधील येशूसंघीयांच्या तंबाखूच्या शेतांवरही गुलाम होते, आणि जॉर्जटाऊनचे महाविद्यालय कर्जात होते. त्या वर्षी प्रांतप्रमुख थॉमस मलेडी यांनी २७२ स्त्री-पुरुष-मुलांना १,१५,००० डॉलरांना लुइझियानातील मळेवाल्यांना विकण्याचा करार केला. कुटुंबांची ताटातूट होऊ नये, त्यांना धर्माचरण करता यावे आणि पैसा कर्जफेडीत जाऊ नये, अशा अटी रोमहून आल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. हे लोक परधर्मीय नव्हते. ज्यांनी त्यांना स्नानसंस्कार दिला, त्यांच्याच संघाने त्यांना विकले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मेरीलँडच्याच बाल्टिमोर शहरातून विशीतला एक गुलाम खलाशाच्या वेशात आगगाडीने पळाला. तो फ्रेडरिक डग्लस. १८५२ सालच्या ५ जुलैस रॉचेस्टर येथे त्याला स्वातंत्र्यदिनाचे भाषण करण्यास बोलावले, तेव्हा तुमच्या या सणाशी गुलामाचा काय संबंध, असा सवाल त्याने श्रोत्यांना केला. परंतु जाहीरनामा त्याने झिडकारला नाही. त्यातील तत्त्वे तारक आहेत, त्यांना घट्ट धरून राहा, असेच त्याचे सांगणे होते. त्या वाक्यावर सर्वाधिक विश्वास त्या काळी कोणाचा होता, असे कोणी विचारले तर मी डग्लसचे नाव घेईन.

याच्या अगदी उलट वाचन केले सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी. तेही मेरीलँडचे आणि कॅथॉलिक. स्वतःचे गुलाम त्यांनी पूर्वीच मुक्त केले होते. तरीही १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात त्यांनी निवाडा दिला, की शब्द साऱ्या मानवजातीला कवेत घेणारे दिसले, तरी आफ्रिकी वंशाचे लोक कर्त्यांना त्यांत अभिप्रेत नव्हते; कारण कर्त्यांचे आचरण तसे नव्हते. शब्दाचा अर्थ आचरणावरून लावावयाचा, ही युक्तिवादाची रीत वरकरणी नेटकी दिसते. पण मग कोणत्याही आदर्शाने कोणाला जाब विचारण्याची सोयच उरत नाही.

यादवी युद्धानंतर १८६५ साली गुलामगिरी संपली. त्या बातमीचा एक वाचक पुण्यात होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा होती. म्हणजे अमेरिकेच्या आदर्शाचा अर्थ त्यांनी घेतला, तो सही करणाऱ्यांकडून नव्हे, तर बेड्या तोडणाऱ्यांकडून.

लुइझियानात गेलेल्यांच्या वंशजांपैकी अनेकांनी कॅथॉलिक श्रद्धा सोडली नाही. १८ एप्रिल २०१७ रोजी जॉर्जटाऊन येथे झालेल्या उपासनेत येशूसंघाच्या प्रतिनिधीने त्यांची जाहीर क्षमा मागितली. तेथील एका इमारतीला पूर्वी मलेडी यांचे नाव होते. आता तिला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव आहे. विक्रीच्या यादीतील ते पहिले नाव.