कुठून आलात?

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या सुमारास वेबची उभारणी केली, तेव्हाचं एचटीटीपी अगदीच साधं होतं. ब्राउझरने एका ओळीत पान मागायचं, सर्व्हरने ते द्यायचं, की व्यवहार संपला. लगेच दुसरं पान मागितलं, तरी सर्व्हरच्या लेखी ते नवंच गिऱ्हाईक. अशा विसरभोळ्या सर्व्हरने ‘मागच्या पानावर जा’ हा दुवा बनवावा तरी कसा?

वाट सापडली ती फिलिप हॅलम-बेकर यांच्या एका प्रस्तावातून. आपण कोणत्या पानावरच्या दुव्यावरून आलो, हे ब्राउझरनेच मागणीसोबत कळवायचं. या नोंदीचं नाव ‘रेफरर’. तिच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आर’ गळाला आणि मे १९९६मध्ये एचटीटीपीचा आरएफसी १९४५ हा तांत्रिक दस्तऐवज प्रसिद्ध झाला, तोवर ती चूक रुळूनही गेली होती. परतीचा दुवा हा काही या नोंदीचा मूळ हेतू नव्हता. आपल्याकडे कोण दुवे देतं याची यादी करावी, चुकलेल्या दुव्यांचा माग काढावा, असे तिचे उपयोग आरएफसीत सांगितले आहेत. ही नोंद पाठवायची की नाही हे वापरणाऱ्याला ठरवता यावं, अशी शिफारसही तिथेच आहे.

परतीची सोय केली ती प्रोग्रामरांनी. सर्व्हर आणि प्रोग्राम यांना जोडणाऱ्या सीजीआयमध्ये ही नोंद ‘एचटीटीपी_रेफरर’ या नावाने प्रोग्रामच्या हाती येई. पर्लच्या स्क्रिप्टमध्ये, पुढे एएसपी आणि पीएचपीमध्ये तो पत्ता उचलायचा आणि पानावर दुवा म्हणून छापायचा. एका ओळीचं काम.

पण त्या ओळीचा भरवसा नव्हता. पत्ता हाताने टाइप केला किंवा बुकमार्कवरून आलं, की नोंद रिकामी. फॉर्ममध्ये चूक झाल्याने तो पुन्हा त्याच पत्त्यावर उघडला, की ‘मागचं पान’ म्हणजे तेच पान! सुरक्षित पानावरून असुरक्षित पानाकडे जाताना ही नोंद पाठवू नये, असं १९९९च्या आरएफसी २६१६ने बजावलं. शिवाय तिच्यात खोटा पत्ता घालणं कुणालाही जमतं. रुबी ऑन रेल्स या वेब-फ्रेमवर्कच्या २०१६मधल्या पाचव्या आवृत्तीत म्हणूनच मागे पाठवण्याची नवी आज्ञा आली. नोंद नसेल तर कुठे न्यायचं, हे तिला आधीच सांगावं लागतं.

मग खासगीपणाचा प्रश्न ऐरणीवर आला. किती पत्ता पाठवायचा हे संकेतस्थळांना ठरवू देणारं ‘रेफरर-पॉलिसी’ हे धोरण आलं. त्याचं स्पेलिंग मात्र बरोबर आहे. २०२०मध्ये क्रोमच्या ८५व्या आवृत्तीपासून, वेगळं काही सांगितलेलं नसेल तर, परक्या संकेतस्थळाला पूर्ण पत्ता मिळत नाही, फक्त डोमेनपर्यंतचा भाग कळतो. एकाच संकेतस्थळाच्या आत जुनी युक्ती अजून चालते.

तरी परतीचा पत्ता आता बरेच जण स्वतःच सांभाळतात. जँगो या वेब-फ्रेमवर्कच्या लॉगिनमध्ये तो ‘नेक्स्ट’ या नावाने पुढे जातो. वापरणाऱ्याला तिकडे वळवण्याआधी तो पत्ता परवानगी असलेल्या होस्टचाच आहे ना, हे जँगो तपासून घेतं.